धान चावून पाहणाऱ्या मावशी

गोंदियाच्या आसपास पिकणारं प्रत्येक धान आमच्या शेजारच्या मावशी नावानिशी ओळखत, माणसांची नावं मात्र विसरत. मला त्या पाच वर्षं माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारत होत्या. पण दाणा दाढेखाली धरला की तो किती वाळलाय, कांडल्यावर फुटेल की अख्खा राहील, सगळं सांगून मोकळ्या. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी हातातल्या अक्षताच चावून पाहिल्या आणि वरपक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात तांदूळ किडका असल्याचा निकाल दिला. भटजी पुढचं मंगलाष्टक विसरले.

मावशी आणि गल्लीतल्या आणखी दोघी पायाने दाबायच्या लाकडी ढेकीवर लोकांचं धान कांडून देत. दोघी ढेकी दाबत, तिसरी दाणे सारत असे आणि तिघींची तोंडं अखंड चालू. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांत जवळच राईस मिल सुरू झाली आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. महिनाभर मावशींनी मिलच्या तांदळाला नावं ठेवली, मग एके सकाळी सरळ मिलमध्येच गेल्या. मुनीम म्हणाला, बायकांना काम नाही. मावशींनी अंगणात वाळत घातलेल्या धानातला दाणा चावला, अजून ओला आहे, मशीनमध्ये चुरा होईल, असं बजावलं आणि परत आल्या. संध्याकाळपर्यंत मिलमध्ये कणीचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी शेठचं बोलावणं आलं.

मावशींनी निरोप धाडला, "येऊ त आमी तिघीबी येऊ."

शेठकडे जागा एकीचीच होती. आठ दिवस मावशी अडून बसल्या. शेवटी त्या दोघींनीच त्यांना मिलच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे एक विड्या वळू लागली, दुसरी सालेकशाला भावाकडे गेली, मोहफुलं वेचायला.

मिलमध्ये मावशींचा चांगलाच जम बसला. त्यांनी दाणा चावल्याशिवाय मिस्त्री मशीनचा पट्टा चढवत नसे.

मी नोकरीसाठी नागपूरला गेलो. एका सुट्टीत त्यांना भेटायला मिलमध्ये गेलो, तर त्या भिंतीच्या सावलीत एकट्याच शिदोरी सोडून बसल्या होत्या. कसं चाललंय, म्हणून विचारलं.

"काम बरं हाये गा," त्या म्हणाल्या, "पन बोलाले कोनी नाई."

मग अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि भोंगा होईपर्यंत मला उठू दिलं नाही.