घरात माणसं किती?

आमचं गाव चाकणच्या कंपन्यांना खेटून आहे. पुढच्या तीस वर्षांची पाणी योजना आखायची म्हणून तालुक्याच्या एक बाई घरोघर माणसं मोजत आल्या होत्या.

"आमी पाच," वडिलांनी सांगितलं.

मागे गोठ्याच्या जागी आमच्या बारा खोल्या, त्यात बीड-लातूरकडची, कंपनीत शिफ्ट करणारी कुटुंबं. दोरीवर त्यांचे कंपनीचे शर्ट वाळत होते. बाईंनी तिकडे बोट केलं. वडील म्हणाले, "ते व्हय? पाव्हणं हायेत."

खोल्या बिनपरवाना होत्या. भाडेकरू कागदावर आले असते, तर खोल्याही आल्या असत्या. मी शिकलेला, शेजारीच उभा होतो. गप्प बसलो. त्या दिवशी गावात दारोदार असेच पाहुणे निघाले.

टाकी झाली ती पाहुणे वगळून उरलेल्या गावापुरती. आता दिवसाआड अर्धा तास पाणी येतं, आणि सगळे त्या बाईंच्या नावानं बोंबलतात. परवाच्या ग्रामसभेत वडीलही उठले. "माणसं मोजाया येत न्हाईत, आन् योजना आखत्यात!" लोकांनी टाळ्या पिटल्या. माझं डोकं सणकलं.

घरी आलो तेव्हा पाणी सुटलं होतं. एक भाडेकरीण रिकामा हंडा घेऊन अंगणातल्या नळाशी उभी होती. वडील तिच्यावर खेकसले, "सरक. आधी घरच्यांचं भरू दे."

मी आमची कळशी ओढून काढली आणि नळाखाली तिचा हंडा लावला.

"आबा," मी म्हणालो, "पाव्हण्यांचं आधी भरायचं असतं."