पांढऱ्या अस्तराचे डबे

धाकटा भाऊ जहाजावरून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून माशांचे डबे निघाले. मी रोह्याजवळ वरसेला राहते. त्याला भेटायला पेणच्या खाडीकाठी, माहेरी गेले होते. ताज्या मासळीवर वाढलेल्या आईनं एक डबा कानाशी धरून हलवला.

"माशाला पत्र्यात कोंडायचं कारन काय?"

भावानं डबा उघडून मासे ताटलीत काढले. आई माशांकडे बघेचना. ती रिकाम्या डब्यात डोकावत होती. आतून पांढरं अस्तर आणि तळाच्या कडेला काळपट डाग.

"आतनं रंग दिलाय गो. तो पन काळा पडलाय. कोनी खायाचं नाय."

"रंग नाही, लेप असतो तो," मी म्हणाले. "मासा पत्र्याला लागू नये म्हणून."

"मग डाग कसला?"

मला सांगता येईना. मी रोह्याला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, म्हणून घरच्यांना वाटतं मला सगळं ठाऊक. आईनं ताटली मांजरापुढे सरकवली. मांजर हुंगून निघून गेलं. आईला तेवढं पुरलं.

डबा धुऊन मी कंपनीत नेला. लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्यानं डागावर नख घासलं.

"माशात गंधक असतं. कारखान्यात बंद डबा तापवताना ते लेपाच्या बारीक भेगेतून पत्र्याला भिडलं की काळं पडतं. त्यानं काही होत नाही."

"आणि लेप कशाचा?"

"रेझिनचा. आपल्या कंपनीतून रेझिनची पिंपं भरून जातात ना, त्याच जातीचं."

त्या पिंपांचे नमुने मी रोज तपासते.

"लेपातलं काही माशात उतरतं का?"

"थोडंफार उतरतंच. किती चालतं, त्याचे नियम आहेत."

"ते पाळलेत का, हे डबा बघून कळतं?"

"नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी घरी फळीवरचा रसगुल्ल्यांचा डबा हातात घेतला. तारीख ठीक होती, खराब झालेल्या डब्यासारखा तो फुगलाही नव्हता. तरी परत ठेवून दिला.

रविवारी पुन्हा माहेरी जाऊन आईला सांगितलं, डागानं काही होत नाही.

"कोनी सांगितलं? कंपनीवाल्यानं? तो दुसरं काय सांगनार!"

भाऊ हसला. त्यानं नवा डबा फोडला, भातात मासे कालवले आणि जेवायला बसला. "आई, भाजी-मटण संपलं की जहाजावर आम्ही हेच खातो. झालंय का मला काही?"

आईचा चेहरा उतरला. "हेच खातोस तिथं?"

"कधी कधी."

तिनं त्याच्या ताटातला घास उचलला आणि खूप वेळ चावत राहिली. दुसऱ्या दिवशी बाजारातून सुकट आणि सुके बोंबील आणून, भाजून, तिनं त्याच्या बॅगेत कोंबले. वास येईल म्हणून तो कुरकुरला. "येऊ दे," ती म्हणाली. तरी निघताना त्यानं ते नेले.

उरलेले डबे तिनं कुणाला दिले नाहीत, टाकलेही नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडलेत. कशाला ठेवलेस, म्हणून मी विचारलं.

"फुगतात का बघतेय," ती म्हणाली.