गोपनीय नाणे आणि जांभळीवरचा फोन

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. या क्षणी माझ्या परदेशी अर्जाची माहिती असणाऱ्यांची संख्या, मला स्वतःला वगळून, शून्य होती. ती मी मोबाइलमध्ये नोंदवली. प्रयोगशाळेत आम्ही कोणतेही मोजमाप कोऱ्या नमुन्यापासून सुरू करतो. सवय घरीही सुटत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी विश्लेषक होते. जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज करायचा होता आणि निकाल लागेपर्यंत तो आमच्या साहेबांना कळता कामा नव्हता. मार्चअखेर वरिष्ठ विश्लेषकाची जागा भरायची होती, ती मलाच मिळेल असे सगळे धरून चालले होते, आणि जाणाऱ्या माणसाला कोणी बढती देत नाही. जर्मनी हुकली तर ही जागा. दोन्ही हुकल्या तर आईने निवडून ठेवलेली तीन स्थळे. शेवटची शक्यता मला गणितातून वगळायची होती.

साहेब आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहतात. त्यांच्या पत्नी आणि माझी आई एकाच भिशीत आहेत. तेव्हा सारे काम ऑनलाइन करायचे आणि तिथेही माग ठेवायचा नाही, असे मी ठरवले व गोपनीयतेचा अभ्यास सुरू केला. अभ्यास मी नेहमीच गरजेपेक्षा जास्त करते.

निष्कर्ष असा निघाला: खासगी ईमेल घ्यावा, इंटरनेटवरचा माग लपवणारे व्हीपीएन घ्यावे आणि दोन्हींचे पैसे गोपनीय कूटचलनात, म्हणजे माग न लागणाऱ्या क्रिप्टो नाण्यात भरावेत. साध्या कूटचलनाचा प्रत्येक व्यवहार साऱ्या जगाला दिसतो. या नाण्याच्या व्यवहारात मात्र खऱ्या सहीबरोबर पंधरा परक्या सह्या मिसळलेल्या असतात. सोळांपैकी खरी कोणती, हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. लपायचे तर भिंतीआड लपू नये, गर्दीत लपावे. कल्पना इतकी देखणी होती की मी तिच्या प्रेमातच पडले.

हे अज्ञात राहण्याचे साधन मिळवण्यासाठी आधी पॅन, आधार, पत्ता आणि चेहरा द्यावा लागला. साधे कूटचलन एका ऑनलाइन एक्स्चेंजवर विकत घ्यायचे आणि पुढे ते बदलून गोपनीय नाणे मिळवायचे, असा रस्ता होता. एक्स्चेंजला माझ्या हलत्या चेहऱ्याचा व्हिडिओ हवा होता आणि घरात उजेड पुरत नव्हता, म्हणून मी गच्चीवर गेले. मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळे मिटा, उघडा. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी दोन चादरींच्या फटीतून हे सगळे पाहिले.

“कुणाला दाखवतेस गं एवढी मान?”

“कंपनीला, काकू.”

“मग हस की जरा! कुठल्या कंपनीत आहे मुलगा?”

मी पैसे पाठवताच आईचा मोबाइल वाजला. खाते आमचे संयुक्त आहे; इतक्या अभ्यासात हे एकच कलम राहून गेले होते.

“हे कसलं गं?”

“गुंतवणूक.”

“बरं केलंस. लग्नात उपयोगी पडेल.”

आयकर विवरणपत्रात अशा मालमत्तेसाठी स्वतंत्र रकाना असतो. तोही मी यथावकाश प्रामाणिकपणे भरला. जगात कोणालाही न दिसणारे माझे नाणे त्यामुळे बँक, एक्स्चेंज, आयकर खाते आणि आई यांना दिसले. बाकी सर्वांपासून ते पूर्ण सुरक्षित होते.

मग मी शिस्त वाढवली. घरच्या आणि लॅबमधल्याही लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावली, व्हॉट्सॲपवरचा फोटो काढला, ‘लास्ट सीन’ही बंद केले. उरला प्रश्न फोन नंबरचा. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक वेळी शिरताना मोबाइलवर सहा आकडे येणार होते. माझा नंबर देणे म्हणजे माझे नाव देणे. आणि इथे मला ती कल्पना सुचली, जिचा मला तेव्हा अभिमान वाटला.

आईचे माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत आहे. घरात रेंज येत नाही. येते ती फक्त वाडीच्या टोकाला, जांभळीखाली. मामाचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या फांदीला कायम टांगलेला असतो. रेशन, गॅस, बँक, शाळा, सगळ्यांसाठी तीसेक घरांनी तोच एक नंबर दिलेला आहे. जगातले कोणतेही यंत्र त्या नंबरमागचा माणूस ओळखू शकणार नाही. गोपनीय नाणे मला पंधरांत लपवत होते. जांभळ त्याच्या दुपटीत लपवणार होती. मी तो नंबर दिला.

वाडीत आलेला संदेश पोहोचवायची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. तिचा गोपनीयतेशी संबंध लावण्याचे तेवढे राहिले. आकडे दहा मिनिटांत शिळे होतात आणि घरे उतारावर पसरलेली. म्हणून जो जांभळीजवळ असेल तो फोन उघडतो, वाचतो आणि ज्याचे त्याला ओरडून सांगतो. आवाज पोहोचत नसेल तर मधले घर पुढे ओरडते. वाडीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचे आकडे माहीत असतात. आजवर कोणाचे काही चोरीला गेलेले नाही.

सुरुवातीला सगळे सुरळीत चालले. मी महाडहून फोन लावायचे, गुरे चारणारे कोणीतरी उचलायचे आणि आकडे वाचायचे. फेब्रुवारीत एका दुपारी मामीने उचलला. मामी पंधरा वर्षे मुंबईत राहून परतलेली. इंग्रजी वाचायला घेतले की एक अक्षर सोडत नाही.

“नंबर नाय आला गो, मेसेज हाय. थांब, स्पीकरवर टाकते.”

“मामी, स्पीकर नको.”

“नको कसा? हितं कोण हाय? आपलीच माणसं.” मग मोठ्याने वाचन झाले. “इंटरव्यू. जर्मनी. ट्वेंटी फेब्रुवारी.”

वरच्या उतारावरून आवाज आला, “काय गो आलं?”

“भाचीचा इंटरव्यू हाय, जर्मनीला!”

“महाडच्या? मग लगीन कधी तिचं?”

“आधी इंटरव्यू, मग लगीन! आताच्या पोरींचं असंच!”

“मामी,” मी इकडून कळवळून म्हणाले, “कोणाला सांगू नकोस. माझ्या साहेबांना तर अजिबात कळता कामा नये.”

मामी शब्दाची पक्की. तिने लगेच बंदोबस्त केला. “ऐकलंत का रे! तिच्या सायबाला सांगू नका म्हणते!”

“कुठला सायब?”

मामीने तो कुठला, कुठे राहतो, हे सांगितले. दरीपलीकडच्या वाडीतून कोणीतरी “बरं” म्हणाले.

पहिल्या एसटीने बातमी पोलादपूरला उतरली, दुसरीने महाडला आली. संध्याकाळपर्यंत माझी मोजणी निरर्थक झाली, म्हणून मी चल बदलले. यापुढे न जाणणाऱ्यांची संख्या मोजायची. माझ्या माहितीनुसार ती एक होती, म्हणजे साहेब, आणि तेवढी एक टिकली तरी पुरे होते.

मुलाखतीच्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली. काकूंनी भाजीवाल्याला गल्लीच्या बाहेर थांबवले. “पोरीची जर्मनी चालू आहे, ओरडू नकोस!” समोरच्यांनी मिक्सर बंद ठेवला. त्या तासाभरात आमची गल्ली इतकी शांत होती की कोणालाही संशय यावा. मुलाखत चांगली झाली.

मार्चअखेर वरिष्ठ विश्लेषकाची जागा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळाली. कारण कोणी सांगितले नाही. पुढचे तीन आठवडे माझ्यापाशी काहीच नव्हते. आईने स्थळांचे फोटो फ्रिजवर लावले. मग जर्मनीहून होकार आला आणि मी राजीनामा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“बस,” ते म्हणाले. “उशीर केलास.”

“सर, तुम्हाला वाडीकडून कळलं का?”

“कुठली वाडी?” ते खरेच गोंधळले. “अगं, जानेवारीतच कळलं. अख्ख्या लॅबमध्ये एकाच लॅपटॉपला काळी पट्टी, एकाच मोबाइलवर फोटो नाही. आलेखाच्या सपाट आधाररेषेवर एकच टोकदार शिखर आलं, तर तू काय म्हणशील? नमुन्यात काहीतरी आहे. मुलगी लपवते एक तर लग्न, नाही तर नोकरी. लग्न असतं तर तुझ्या आईने भिशीत सांगितलं असतं.”

“म्हणून ती जागा...”

“राहणाऱ्याला दिली. तू माझ्या जागी असतीस तर?”

मी तेच केले असते. त्यांनी सही केली, अभिनंदन केले आणि जर्मनीत थंडी फार असते, असे सांगितले. बाहेर येऊन मी मोबाइल काढला आणि शेवटची नोंद केली. न जाणणारे: ०.