मानपत्रातलं शेवटचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला थोडं ठाऊक आहे — तेही चुकीचं. आणि आधीच सांगते, माफीबिफी मागायला मी बसलेली नाही.

मानपत्र लिहावं तर हिनंच, असं इथल्या, नेदरलँड्समधल्या, मराठी मंडळात सगळे म्हणतात. कुणी निवृत्त झालं, कुणी कायमचं पुण्याला निघालं, की मला फोन येतो. दोन ओळींच्या माणसाची मी दोन पानं करते. त्याचा मला गर्व आहे — का नसावा?

लॉकडाऊनमध्ये आमच्या हूफडॉर्पच्या गल्लीतल्या रूथनं माझ्या दाराशी एक खोकं ठेवलं आणि दीड मीटर मागे जाऊन उभी राहिली. मूळची अमेरिकन, डच माणसाशी लग्न करून इथे आलेली, पंच्याऐंशीला टेकलेली. नजर अधू झालेली. माझी मुलगी तिला ओमा, म्हणजे डचमध्ये आजी, म्हणायची. खोक्यात तिच्या वडिलांची कात्रणं होती. अमेरिकन फुटबॉल खेळून नुकतंच कुठे पोट भरू लागलं होतं, त्या काळातले ते खेळाडू. पुढच्या फळीतले — म्हणजे समोरच्याला अंगानं रेटून धरायचं, चेंडू घेऊन पळणार दुसराच, आणि टाळ्याही त्यालाच. माझ्या वाढदिवसाला सगळे ऑनलाइन जमतील तेव्हा वडिलांवर काहीतरी वाच, म्हणाली. मग अगदी सहज म्हणाली, "आईनं त्यांना खेळ सोडायला लावला. मी तिला कधीच माफ केलं नाही."

मला शेवट मिळाला! 'पत्नीच्या हट्टाखातर, ऐन भरात असताना, या वीरानं मैदान सोडलं.' इंग्रजीतही झकास उतरलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संघाच्या फोटोमागे चिकटलेलं एक कात्रण सापडलं. चारच ओळी. गुडघे गेले म्हणून क्लबनं त्यांना काढून टाकलं होतं. आणखी एक हंगाम तरी ठेवा म्हणून बायको मालकाच्या हातापाया पडून आली होती.

बायको — म्हणजे रूथची आई.

मग मी काय केलं? जे लिहिलं होतं तेच वाचलं. मानपत्रात काढून टाकलेला माणूस कसा चालेल? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रूथ रडली. नवऱ्यानं विचारलं, "अगं, ते कात्रण सांगितलंस का तिला?" मी हो म्हणाले.

त्यानंतर रूथ अख्खा हिवाळा जगली. दर आठवड्याला मी तिच्या दाराशी वरण-भाताचा डबा ठेवायचे, ती खिडकीतून हात करायची. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? म्हातारीला कशाला दुखवा, असं आता म्हणता येईल. पण ते खोटं आहे. तिचं मन हलकंच झालं असतं. मलाच माझं वाक्य सोडवेना, आणि चुकले म्हणायची लाज वाटली. बस, एवढंच.

वसंतात ती कोविडनं गेली. अंत्यविधीत वाचायला तिच्या मुलानं तेच मानपत्र मागितलं. पाठवण्याआधी मी ते पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला, आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवलं.