सुमनकाकूंच्या विहिरीचं पाणी

मी चमचा काकूंच्या ओठांना लावला आणि अनिलदादानं मान फिरवली.

याला आज वर्ष झालं.

उस्मानपुऱ्यात सुमनकाकू आमच्या शेजारी राहायच्या. माहेर कोकणातलं, समुद्राकाठचं. लग्न होऊन इथं आल्या. इथं नळाचीसुद्धा वाट बघावी लागते.

उन्हाळ्यातल्या दुपारी त्या डोळे मिटून पडायच्या आणि मला घरी न्यायच्या.

"एसटीतून उतर. केवड्याच्या बनातून चाल. वाळू लागली की चप्पल काढ. पुढं आमचं अंगण, अंगणात विहीर. समुद्र हाकेवर, पण पाणी शहाळ्यासारखं."

मी सोबत चालायचे.
तळव्यांना वाळू लागायची.

आजार वाढला तेव्हा म्हणाल्या, "शेवटी तोंडात गंगाजल नको गं. आमच्या विहिरीचं घाला."

म्हणून मी गेले.

केवड्याच्या जागी पार्किंग.
वाळूच्या टेकड्या सपाट करून मांडलेल्या खुर्च्या.
घराचं रिसॉर्ट झालेलं, अंगणाचा स्विमिंग पूल.

विहीर होती. किचनच्या मागं, जाळीखाली.

"पिऊ नका ताई," तिथला कुक म्हणाला. "सगळ्या हॉटेलांनी बोअर मारल्या. गोडं उपसलं, खारं आत आलं. आम्ही फरशा धुतो यानं."

मी बाटली भरली.

अनिलदादा म्हणजे काकूंचा मुलगा. मी परत आल्यावर त्यानं चव घेतली आणि बेसिनमध्ये थुंकला.

"लई खारट हाय. फिल्टरचं भर त्यात. आईला काय कळणार हाय?"

बाटली रिकामी करायला माझा हात धजेना.

काकूंनी ते पाणी बराच वेळ तोंडात धरलं. मग गिळलं.

"समुद्र घरात आला व्हय?"

'व्हय' म्हणायला त्या इथं शिकल्या होत्या.

"हो काकू."

"अंगणापर्यंत?"

"विहिरीपर्यंत."

त्या किंचित हसल्या.

"लहानपणी रोज हाका मारायचे त्याला. आत्ता आला."

दादानं काकूंच्याच पदराच्या टोकानं त्यांची हनुवटी पुसली.

"अनिल, हेच घाल मला. दुसरं नको."

मग डोळे मिटून, मला:

"चप्पल काढलीस ना?"

"काढली."

काकू पहाटे गेल्या. दादानं बाटलीतलंच पाणी घातलं.

सकाळी नळ आला. गल्लीतल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या.

आमच्या दोन्ही घरांनी त्या दिवशी पाणी भरलं नाही.

आज मी डोळे मिटलेत, चप्पल काढलीय. या, काकू.