नखातली काळी रेघ

"मान खाली. हलायचं नाही हं, ताई!" असं म्हणत ती दोन्ही हातांनी माझं डोकं धरायची, आणि बँकेत तीस वर्षं सगळ्यांवर गुरगुरलेली मी निमूट मान खाली घालायची. तुमच्याही सोसायटीत येत असेल अशी कुणी, घरी येऊन केस रंगवणारी. आमच्या बिबवेवाडीत ही यायची, महिन्यातून एकदा, पाठीला सॅक लावून, स्कूटीवरून.

हातमोजे तिला चालत नसत. "मोज्यातून केसांची मुळं कळत नाहीत," म्हणायची. त्यामुळे बोटं कायम काळपट.

जीभ मात्र अस्सल पुणेरी. "इतके पांढरे लपवायचे म्हणजे मला मदतीला माणूस ठेवावं लागेल, ताई."

एकदा माझी मान पुसताना ती थबकली. "हा तीळ मागच्या महिन्यात एवढा नव्हता. कडाही वाकड्या झाल्यात. डॉक्टरांना दाखवा." मी उडवून लावलं. पुढच्या खेपेला तिने सॅकच उघडली नाही. "आधी दाखवून या, मग रंग." झक मारत गेले. डॉक्टरांनी तीळ काढला, तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर म्हणाले, वेळेवर आलात.

तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात एक उभी काळी रेघ होती. वर्षभर मी ती बघत होते.

"लिंबू चोळ की जरा," मी एकदा म्हटलं.

"डाय आहे हो, उतरेल."

हसलो दोघी. काय अक्कल माझी! डायचा डाग सगळ्याच बोटांना पडतो, नख वाढलं की पुढे सरकतो, कापला जातो. ही रेघ जागची हलली नाही. रुंदावत गेली, नखाच्या मुळाशी कातडीतही उतरली. हे मला कळलं तेव्हा तिचा अंगठा काढून झाला होता आणि कॅन्सर छातीत पोहोचला होता.

भेटायला गेले. चार महिने काम बंद, त्यामुळे हातांचा डाय पार गेलेला. उरलेली नऊ नखं गुलाबी, स्वच्छ. मी तो हात धरला आणि हमसून रडायला लागले. तीच मला थोपटत राहिली.

मग अगदी हळू, न रागावता म्हणाली, "ताई, तुम्ही तरी म्हणायचं होतं, दाखवून ये म्हणून. तुमचं ऐकलं असतं मी."

त्याच आठवड्यात ती गेली.