संडेचा फौजी

बाळांनो, दुबईत आमच्या शेजारी मुंबईचा एक कारकून राहत असे. त्याच्या खोलीतला जोडीदार कराचीचा शिंपी. दोघे एकाच थाळ्यात जेवत.

शारजाकडे विमान निघालं की कारकून घास हातात तसाच धरून नुसत्या आवाजावरून ते ओळखायचा. तो हवाई दलाच्या राखीव तुकडीत होता. "भाभी, आमच्यात वकील आहेत, मास्तर आहेत," तो सांगायचा. "मुंबईत होतो तेव्हा आठवडाभर ऑफिस, रविवारी सराव. लढाई लागली की बोलावणं येतं. मी विमानं सज्ज करून देतो."

शिंपी चिडवायचा, "यल्ला, चलो, संडे के फौजी, मछली ठंडी हो रही है!" आम्हीही हसायचो.

एका दुपारी रेडिओवर हिंदुस्थान-पाकिस्तान लढाईची बातमी आली, पाठोपाठ राखीव लोकांना बोलावणं. मी त्यांच्या दाराशी धावले आणि थिजलेच. कारकून पेटी भरत होता, आणि शिंपी त्याची जुनी वर्दी उसवून कमरेत सैल करत होता.

"अरे, तू हे काय करतोस?"

"भाभी, दुबई का खाके मोटा हो गया है," तो मान वर न करता म्हणाला.

वर्दी अंगावर चढली. शिंप्याने खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली. "मेरी अम्मी कराची में बंदर के पास रहती है. याद है ना?"

कारकुनाने पेटी उचलली. तो गेला.

संध्याकाळी शिंपी थाळ्याशी एकटाच बसला होता. डोक्यावरून विमान गेलं आणि घास त्याच्या हातात थांबला. ते कुठलं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.